साष्टींतील गांवराखण व वाकोल्याची शीव

साष्टीचा इतिहास म्हणजे किल्ल्यांचा इतिहास, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. वसई, ठाणें, वेसावें, वांद्रें हीं नांवें घेतलीं कीं सतराव्या-अठराव्या शतकांतील साष्टी डोळ्यांपुढें उभी राहते, आणि यांपैकीं कोणतें ठाणें कोणीं केव्हां घेतलें एवढें सांगितलें म्हणजे कार्यभाग उरकला असें वाटतें. परंतु साष्टींतील बहुतेक रयत किल्ल्यांत राहत नव्हती. ती वाकोल्यासारख्या उघड्या, तटबंदी नसलेल्या गांवांत राहत होती. अशा गांवांवर संकट कोणत्या वाटेनें येई आणि गांव राखण्याचें काम कोणाच्या शिरावर असे, हा प्रश्न स्वतंत्रपणें विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखांत वाकोल्याचें उदाहरण पुढें ठेवून त्याचा विचार करावयाचा आहे. आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें कीं, साष्टींतील गांवराखण ही मुख्यतः पाण्याची राखण होती. तिचा पुरावा बखरी व तहनामे यांत थोडा आणि गांवच्या किरकोळ कागदांत अधिक आहे. आणि हा पुरावा केवळ जिज्ञासेचा विषय नसून आजच्या वस्तीच्या जिवाशीं त्याचा संबंध आहे.

१. स्थलनिर्णय

वाकोला हें आज मुंबई उपनगर जिल्ह्यांत, सांताक्रूझच्या पूर्वेस आहे. उघडा समुद्रकिनारा येथून पश्चिमेस जुहूकडे. परंतु समुद्र या गांवाच्या शेजारास येतो तो त्या बाजूनें नव्हे, तर दक्षिणेकडून, माहीमच्या खाडीच्या वाटेनें. विहार व पवई या तलावांकडून निघणारी मिठी नदी सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते, आणि वाकोल्याचा नाला हा तिला मिळणाऱ्या प्रमुख ओढ्यांपैकीं एक होय. नदीच्या खालच्या भागांत भरतीचें पाणी आंत शिरतें. तेव्हां वाकोला किनाऱ्यावर नसलें तरी त्यास सागरी गांवच म्हटलें पाहिजे.

संग्राहकांनीं येथें नांवाची एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बोलण्यांत वाकोला हें नांव असलें तरी तेथील मिळकतींच्या दस्तांत महसुली गांव म्हणून 'कोळे-कल्याण' हें नांव येतें, व तेंच पुढें झिजून 'कलिना' झालें. त्यामुळें वाकोल्याचे कागद शोधणाराने वाकोला या शब्दावर दृष्टि ठेवून दप्तर चाळल्यास हातीं थोडें लागेल. कोळे-कल्याण हें नांव शोधल्यास पुष्कळ लागेल.

साष्टी हें नांव मूळ संस्कृत 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश, यावरून आलें आहे. शिलाहार राजा छित्तराजदेव याचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट भांडुप येथें सांपडला, त्यांत दान दिलेल्या शेताचें स्थान सांगतांना श्रीस्थानक म्हणजे ठाणें याच्या अंतर्गत असलेला षट्षष्टि विषय स्पष्ट उल्लेखिला आहे. मिठीच्या उगमापासून फार लांब नसलेल्या जागीं सांपडलेला हा लेख या भागाच्या कागदपत्रांचा आरंभ समजण्यास हरकत नाहीं.

२. शीव, शाप आणि वतनदार

या ताम्रपटांत शेताच्या चारी बाजू नीट सांगितल्या आहेत. शेजारच्या गांवांच्या सीमा आहेत, राजमार्ग आहे. आजचा वाचक हा भाग बहुधा गाळून राजाच्या वंशावळीकडे वळतो. पण ज्यास शेत मिळालें त्याच्या दृष्टीनें वंशावळ ही शोभा व चतुःसीमा हाच जीव होता. गांवराखणीचें पहिलें कृत्य म्हणजे शीव ठरविणें. मुंबई बेट व साष्टी यांच्या सांध्यावरील गांवास 'शीव' असेंच नांव पडलें आहे, यांत हाच भाव दिसतो.

शीव ठरविली तरी ती राखण्यास राजाचा शिपाई प्रत्येक वेळीं येऊं शकत नसे. म्हणून शिलाहारकालीन लेखांत शापाची योजना आढळते. परळ येथील शके ११०८ च्या शिलालेखावर दान मोडणारास गाढवाचा शाप घातलेला आहे. अशा दगडांस आपण गधेगाळ म्हणतों. या शिळांकडे अश्लील म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वास्तविक जेथें पहारा पोंचत नाहीं तेथें लज्जेचा व भीतीचा पहारा बसविण्याची ती युक्ति होती. अशी शिळा मूळ जागीं उभी असेल तर ती स्वतःच सीमेचा पुरावा असते; उचलून संग्रहालयांत नेली कीं अर्धा पुरावा नष्ट होतो.

यानंतरचें मोठें साधन म्हणजे राजवाड्यांनीं शके १८४६ (इ. स. १९२४) मध्यें प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर. तिचीं सहा प्रकरणें निरनिराळ्या काळीं लिहिलेलीं असून त्यांतील केशवाचार्याचा भाग शके १३७० (इ. स. १४४८) चा आहे. मालाडच्या देसल्याच्या पुढाकारानें लोक एकत्र जमले व आपल्या वंशांचा, वतनांचा आणि आचारांचा वृत्तांत त्यांनीं लिहून ठेवविला, असें त्यांत आलें आहे. बखरींतील प्राचीन राजांच्या कथा कितपत खऱ्या, यावर विद्वानांचे मतभेद आहेत. पण ती कां लिहिली गेली ही गोष्ट आमच्या विषयास अधिक उपयुक्त आहे. राज्य बदललें, जुने धारे मोडले, कोणाचें वतन कोणतें हें सांगणारा उरेना. तेव्हां गांवोगांवच्या लोकांनीं स्वतःच्या रक्षणासाठीं कागद तयार केला. देसले, पाटील, म्हात्रे, मढवी, चौधरी हीं या भागांतील आजचीं आडनांवें मुळांत गांवच्या व परगण्याच्या अधिकारपदांचीं आहेत. पदें गेलीं, नांवें राहिलीं. आणि पुष्कळदां कागदही त्याच घरांत राहिले.

३. खाडीची वाट

इ. स. १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला आणि साष्टी फिरंगाणांत गेली. इ. स. १६४० मध्यें पोर्तुगीजांनीं माहीमच्या खाडीच्या मुखाशीं वांद्र्यास कोट बांधला. त्याचें नांव 'आग्वाद', म्हणजे गोडें पाणी भरण्याची जागा. नांवावरूनच दिसतें कीं कोटाची दृष्टि गलबतांकडे होती, पाठीमागच्या भातशेतीकडे नव्हती. इ. स. १६६५ मध्यें मुंबई बेट इंग्रजांकडे गेलें व माहीमची खाडी दोन राज्यांची सरहद्द झाली. मुंबईस जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज जकात घेऊं लागले आणि त्यावरून तंटे माजले. सरहद्दीवरच्या गांवांची स्थिति अशी कीं, समोरचें राज्य परकें, आणि आपलें राज्य जकातींत गुंतलेलें.

कोट असतांही वस्ती सुरक्षित नव्हती, हें दोन प्रसंगांवरून दिसतें. इ. स. १६८९-९० मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दीनें मुंबई बेटावर उतरून माझगांव व माहीम घेतलें. इ. स. १६९४ मध्यें मस्कतचे अरब साष्टींत उतरले. त्यांनीं गांवें व ख्रिस्ती मंदिरें जाळलीं, पाद्री मारले आणि १,४०० माणसें गुलाम करून नेलीं, असें ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत नमूद आहे. तोफा समुद्रावर रोखलेल्या असतांना किनाऱ्याच्या मधल्या भागांत उतरणाऱ्या टोळ्यांपुढें गांव उघडेंच राही.

मुंबईच्या बाजूस या अडचणीवर जो उपाय झाला तो लक्षांत घेण्याजोगा आहे. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकीर्दींत भंडारी लोकांचें पथक उभारण्यांत आलें व माहीम, शिवडी आणि शीव येथें सुभेदारांच्या हाताखालीं तें ठेवण्यांत आलें. या तिन्ही जागा खाडीवर दृष्टि ठेवणाऱ्या आहेत. त्या काळीं माडांच्या वाड्या व वाटा ज्यांस ठाऊक अशा स्थानिक लोकांच्या हातीं पहारा दिला गेला. एडवर्ड्स यानें लिहिलेल्या मुंबई पोलिसांच्या इतिहासाचा आरंभ याच पथकापासून, इ. स. १६७२ पासून होतो.

पुढें मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनीं ठाण्याचा कोट घेतला. त्याच वर्षीं इंग्रजांनीं मिठीच्या दक्षिण तीरावर धारावीस एक लहान किल्ला बांधला. रिवा किल्ला किंवा काळा किल्ला या नांवानें तो प्रसिद्ध असून गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेनें तो १७३७ मध्यें बांधला असा शिलालेख त्यावर आहे. नदीच्या पलीकडे उत्तरेस कोळे-कल्याणचा मुलूख. म्हणजे मराठ्यांच्या विजयाची खबर मुंबईकरांस किती जवळची वाटली, हें या एका दगडावरून कळतें. येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. वसईच्या मोहिमेच्या पत्रांत येणारी धारावी ही भाईंदर-उत्तन बाजूची. काळ्या किल्ल्याची धारावी ती नव्हे. या दोहोंची गल्लत सूचीकारांनीं टाळावी.

इ. स. १७३९ मध्यें वसई पडली. वांद्र्याचा कोट मराठ्यांच्या हातीं पडूं नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्यानें तो निकामी करण्यांत आला. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें व इ. स. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. राजकीय हकीकत येथें संपते. गांवराखणीची मात्र संपत नाहीं.

४. बांध

शत्रु दहा-वीस वर्षांनीं एकदां येई. भरती दिवसांतून दोनदां येते. साष्टींतील खाडीकांठचीं शेतें समुद्रापासून मिळविलेलीं होतीं. मातीचा बांध घालून खारें पाणी बाहेर ठेवावयाचें आणि पावसाचें पाणी आंत धरून जमिनीचा खार धुवावयाचा, अशी ही पद्धति. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी असते. भरतीच्या पाण्याच्या दाबानें तिचें झांकण मिटतें, ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडतें. खेंकड्याच्या एका बिळानें बांध पोखरतो, व उधाणाच्या रात्रीं त्यास खांड पडली तर एका घराचें नव्हे, साऱ्या गांवाचें शेत कित्येक वर्षें नापीक होतें. म्हणून बांधाची राखण एकट्यादुकट्याची असूं शकत नाहीं. पेणच्या बाजूस तर या कामापुरती शिलोत्री ही वेगळी धारापद्धतिच होती. बांध घालणारा व राखणारा शिलोत्रीदार त्याबद्दल कुळांकडून ठराविक धान्य घेई. स्वातंत्र्यानंतरही सरकारास १९४८ मध्यें व पुन्हा १९७९ मध्यें खारजमिनींचे कायदे करावे लागले, यावरून या प्रश्नाचें महत्त्व दिसेल.

बांध हाच गांवाची शीव, बांध हीच पायवाट आणि बांधावरून फिरणारा राखणदार हाच गांवाचा पहारेकरी, अशी त्रिविध योजना खाडीकांठीं आपोआप होत असे. रात्रीं उघाडी पाहण्यास गेलेल्या मनुष्यासच खाडींत शिरलेली अनोळखी होडी प्रथम दिसावयाची. म्हणून बांधाच्या हिशेबाचा कागद हा केवळ शेतकीचा कागद समजूं नये.

५. तिथीवरून भरती

अशा कागदांतून एक माहिती काढतां येते, तिकडे संशोधकांचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. जुन्या कागदांत मिति असते, आणि तिथि म्हणजे चंद्राची स्थिति. चंद्राच्या स्थितीवरून भरती कळते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कोंकणांतील दर्यावर्दी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची अदमासें वेळ सांगतात: चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस बाराच्या आंतबाहेर. हा हिशेब स्थूल आहे, घटकांपळांचा नव्हे. पण इतिहासास तेवढा पुरतो. बांध फुटल्याचा कागद अष्टमीचा असेल तर दोष भरतीवर न टाकतां पाऊस किंवा माणसाचा हात यांकडे पाहावें. रात्रीं होड्या आल्याची खबर असेल तर त्या वेळीं खाडींत पाणी होतें कीं चिखल, हें तिथीवरून ताडतां येईल.

मात्र तारीख लावण्यांत चूक झाल्यास सारेंच चुकेल. मराठी कागदांत सुहूर सन असतो. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे सन ११३९, अर्थात् इ. स. १७३८-३९. दुसरी अडचण फिरंगी तारखांची. पोर्तुगीजांनीं नवी कालगणना १५८२ मध्येंच घेतली, इंग्रजांनीं ती १७५२ मध्यें घेतली; अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दोहोंत ११ दिवसांचें अंतर पडतें. म्हणूनच वसईच्या शरणागतीची तारीख कोठें ५ मे १७३९ तर कोठें १६ मे १७३९ अशी दिसते. प्रसंग एकच आहे. अकरा दिवसांत पौर्णिमेची दशमी-एकादशी होते व भरतीचा हिशेब पार बदलतो. मराठी तिथि उपलब्ध असेल तेथें तीच प्रमाण धरावी.

६. नवी वाट, जुनें संकट

एकोणिसाव्या शतकांत खाडीचें रूप पालटलें. शीव व कुर्लें यांमधील सेतु गव्हर्नर डंकन याच्या वेळीं १७९८ ते १८०५ या काळांत झाला. माहीम व वांद्रें यांमध्यें लोक होडीनें जात, आणि पावसाळ्यांत तें जाणें जिवावरचें असे. लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या १,५७,००० रुपयांच्या देणगीमुळें तेथील सेतु होऊन १८४५ मध्यें खुला झाला. त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यांचें संकट दूर झालें, परंतु खाडीचें मुखही आंवळलें. विहारचा तलाव १८६० मध्यें व पवईचा १८९१ मध्यें बांधून झाला, आणि मिठीच्या उगमाशीं धरणें आलीं. विसाव्या शतकांत सांताक्रूझचा विमानतळ नदीच्या पात्रापर्यंत वाढला, आणि १९७५ मध्यें स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें वांद्रें-कुर्ल्यामधील दलदलीवर भर घालून नवें व्यापारी नगर उभारलें. बांध, उघाड्या व मिठागरें लोकांच्या स्मरणांतूनही गेलीं.

मंगळवार, दिनांक २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळांत कुलाब्यास तो अवघा ७३ मिलीमीटर होता. दुपारीं भरती ४ मीटरांच्या वर होती. वरून नदीचें पाणी व खालून समुद्राचें पाणी यांची गांठ मिठीच्या खालच्या भागांत पडली. कलिना, कुर्लें व मिठीकांठचा बराच प्रदेश पाण्याखालीं गेला. मुंबईंत शेंकडों माणसें दगावलीं. त्यानंतर ऑगस्ट २००५ मध्यें मिठी नदीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमलें गेलें, आणि माधव चितळे यांच्या समितीनें २००६ मध्यें अहवाल दिला.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें या प्रसंगाचा अर्थ स्पष्ट आहे. संकट १६९४ मध्यें ज्या बाजूनें आलें त्याच बाजूनें, समुद्र व खाडी यांच्या वाटेनें, २००५ मध्येंही आलें. मधल्या काळांत गांवाच्या राखणीची व्याख्या मात्र आकुंचित झाली. १८६७ च्या ग्राम-पोलीस कायद्यानें पाटलाकडे गुन्ह्यांची खबर व बंदोबस्त दिला; पुढें शहर वाढलें तसें पोलिसांचें ठाणें झालें. चोरापासून राखण करणारा राहिला, पाण्यापासून राखण करणारा उरला नाहीं. पाणी कोठून जात असे हें ज्यांस माहीत होतें ते पाटील, खारवाले व मिठागरवाले यांचे वंशज आजही याच परिसरांत आहेत, पण त्यांस तें कोणी विचारीत नाहीं.

७. संग्राहकांस सूचना

हे कागद कोठें शोधावे? वाकोल्याचा प्रदेश १९२० पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं मुंबई उपनगर जिल्हा झाला. १९५० मध्यें हा भाग बृहन्मुंबईंत आला. आणि १९९० मध्यें उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला. प्रत्येक फेरबदलांत दप्तरें हललीं. म्हणून एका कचेरींत न मिळालें तर कागदच नाहीं असें अनुमान काढूं नये. मराठी अमलाचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत, फिरंगी अमलाचे गोव्यांत व लिस्बनांत, इंग्रजी अमलाचे मुंबईच्या सरकारी अभिलेखागारांत आहेत. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडून छापलेल्या ४५ भागांत मोहिमेचीं पत्रें आलीं आहेत. ग्रामपातळीचे कागद निवडीच्या बाहेर राहणें स्वाभाविक होतें, आणि तेच आपणांस हवे आहेत.

ख्रिस्ती वस्तीच्या गांवांत देवळांतील बाप्तिस्मा व मृत्यु यांच्या नोंदवह्या हें दुसरें साधन. कलिना येथील इजिप्तच्या मातेचें देऊळ १६०६ चें समजलें जातें. एखाद्या आठवड्यांत मृत्यूंच्या नोंदी एकदम वाढलेल्या दिसल्या तर त्या आठवड्याची तिथि काढून पाहावी. गांवांच्या नाक्यांवरील क्रूसही दुर्लक्षूं नयेत. १८९६ च्या प्लेगनंतर या भागांत पुष्कळ क्रूस उभारले गेले. त्यांवरील साल म्हणजे गांवच्या आपत्तीची नोंदच होय.

आतां घरोघरच्या कागदांविषयीं. संग्राहकांचा ओढा शिक्क्यामोर्तबाच्या पत्रांकडे असतो. शेतसाऱ्याच्या पावत्या, तरीचा मक्ता, बांधदुरुस्तीची मजुरी, उघाडीच्या लांकडाचा हिशेब, शीवेच्या तंट्याचा महजर, असे कागद रुमालांतून वेगळे काढून टाकले जातात. जुनें घर पाडून नवी इमारत होते त्या वेळीं तर निवडीसही अवसर नसतो; पेटी रद्दींत जाते. आमची विनंति तीन गोष्टींची आहे. रुमाल फोडूं नये. कागद ज्या क्रमानें बांधले आहेत तो क्रमही पुरावा आहे. कागद कोणत्या पाड्यांतून मिळाला तें त्याच वेळीं टिपून ठेवावें, कारण पाड्याचें नांव गेलें कीं शीव गेली. आणि मूळ कागद घरच्या मंडळींस सोडवत नसेल तर नक्कल घेऊन संतुष्ट असावें.

नकाशावर आज जेथें रस्ता आहे तेथें शंभर वर्षांपूर्वीं ओढा होता कीं बांध, हें सांगणारा कागद एखाद्या म्हात्र्याच्या किंवा पाटलाच्या माळ्यावर असूं शकेल. तो वाचण्यास मोडी येणारे व तिथि लावतां येणारे लोक आपल्यांतच आहेत. कोळे-कल्याणपुरता तरी असा संग्रह या मंडळींनीं हातीं घ्यावा. त्यांतून किल्ल्यांच्या इतिहासांत फारशी भर पडणार नाहीं, पण पुढच्या उधाणाच्या आणि अतिवृष्टीच्या दिवशीं पाणी कोठें जाऊं पाहील याचें उत्तर त्यांत मिळण्याचा संभव आहे.